माइक कुणाच्या तोंडापुढं?

आधी आमचा गुन्हा कबूल करतो. मग तुमची हजेरी घेतो.

एप्रिल महिना. जयंतीचा आठवडा. वस्तीतलं बुद्धविहार. आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद, डोक्यावर स्लॅब, पायाखाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ऑइलपेंट. पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीनं बसलेली. समोर गायनपार्टी. मधे ऐंशीकडं झुकलेले गायक, त्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची. बाजूला पेटी, ढोलकी, तुणतुणं, टाळ. आणि पाठीमागं भिंतीला टेकून कोरसच्या चार बाया.

आबांनी उभी हयात गिरणीत आणि गाण्यात घातली. पाळी सुटली की गाणं. कुठल्या वाडीत, कुठल्या चाळीत, कुणाच्या नामकरणात, कुणाच्या मयतीच्या दहाव्याला. पण त्यांच्या गाण्याची साधी एक कॅसेट कुठं नव्हती. आम्ही ठरवलं, आबांचं गाणं धरून ठेवायचं. उसनवारी करून दोन माइक आणले, एक रेकॉर्डर आणला. एक माइक ढोलकीपुढं लावला, कारण ढोलकीवाला आमचा दोस्त आणि त्यानं मागितला. दुसरा हॉलच्या मधल्या खांबाला बांधला. तिथून सगळंच येईल, ही आमची अक्कल.

आबांनी विचारलं, "पोरा, माझ्यापुढं नाय का ठेवत?"

आम्ही म्हणालो, "आबा, तुम्ही बिनधास्त गा. ते सगळं पकडतंय."

आणि पकडलंच की साल्यानं सगळं. पंख्याची घरघर पकडली. भिंतीवरच्या भोंग्याची कर्कश पकडली. कुणाच्या तरी पोराची रड पकडली. ढोलकी तर अशी पकडली की छातीवर कुणी मुसळ घालावं. आबांचा आवाज तेवढा विहिरीच्या तळातून यावा तसा. शब्द कळेना. गाण्यातला सवाल ऐकू येतो आणि जवाब घुमाऱ्यात बुडतो. कोरस तर गायबच.

दुसऱ्या दिवशी कोरसमधली एक मावशी ऐकायला आली. हेडफोन लावून पाच मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "आमचा आवाज कुठाय रं यात?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. पावसाळा सरला आणि आबा गेले. त्यांच्या साठ वर्षांच्या गाण्यातलं आता जगात उरलंय ते एवढंच, दोन तासांचं. ते आम्ही बिघडवून ठेवलंय. यात कुणा शेठजीचा, कुणा भटाचा, कुणा सरकारचा हात नाही. हात आमचा आहे. माइक आम्ही लावला होता.

म्हणून या अंकाचं संपादकीय माइकवर आहे. कविता वाचायला अंक उघडणाऱ्यांनी नाक मुरडू नये. कविता पुढच्या पानांवर आहेत, त्या पळून जात नाहीत. म्हातारे गायक मात्र चाललेत.

*

दोस्तांनो, आवाज धरून ठेवायचं यंत्र या देशात आलं त्याला शंभरावर वर्षं होऊन गेली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि गौहरजाननं गायलेलं त्यानं तबकडीवर घेतलं. तेव्हा माइक नव्हता. पत्र्याचा एक कर्णा असायचा, त्यात तोंड घालून ओरडून गायचं. विजेचा माइक रेकॉर्डिंगला आला तो १९२५ साली. त्या कर्ण्यापुढं पहिल्या उभ्या राहिल्या त्या बऱ्याचदा कोठीवरच्या बाया. घरंदाज म्हणवणारे पुष्कळ जण आधी लांबच राहिले. पुढं पैसा आणि मान दिसल्यावर तेही आले. पण कंपनी बोलावील त्याचाच आवाज राहणार, हा कायदा पहिल्या दिवसापासून ठरून गेला.

आपल्याला कोण बोलावणार होतं? जलसेकार गावोगाव पायी हिंडले, कंदिलाच्या उजेडात, उघड्या मैदानात, नुसत्या गळ्याच्या जोरावर त्यांनी माणसं उठवली. त्यातलं किती तबकडीवर आलं? अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली लालबावटा कलापथक काढलं. मैदानं गाजवली. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघंही १९६९ साली गेले. कॅसेट निघाली होती १९६३ साली, पण ती आपल्या झोपड्यांत पोचायला अजून वेळ होता. पोचली तेव्हा ती दोघं नव्हती.

आणि विलास घोगरे? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी विलासनं स्वतःचा जीव दिला. आज त्याचा गळा आपल्याला ऐकू येतो, कारण आनंद पटवर्धननं १९८५ सालच्या 'हमारा शहर' या फिल्मसाठी त्याच्यापुढं माइक धरला होता. पुढं त्याच गळ्याचा माग काढत २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' झाली. कुणीतरी एकानं, एका दिवशी, योग्य अंतरावर माइक धरला, म्हणून. विलासबरोबर त्या काळात गाणारे बाकीचे कुठं आहेत? कुणाच्या घरी कॅसेटची बुरशी झाली असेल, कुणाची नुसती आठवण.

आता तुम्ही म्हणाल, तो जमाना गेला, आता खिशाखिशात मोबाइल आहे. आहे ना. जयंतीला शंभर हात वर असतात आणि शंभर मोबाइल चालू असतात. घरी जाऊन त्यातलं एक तरी गाणं नीट ऐका. शब्द लागतात का बघा. खिशात यंत्र असणं वेगळं आणि आवाज धरता येणं वेगळं. बंदूक विकत घेतली म्हणून कुणी नेमबाज होत नाही.

*

आता कामाचं बोलू.

माणसाचा कान हुशार असतो. गोंगाटातसुद्धा आपल्याला हवा तो आवाज निवडून घेतो, कारण कानाच्या मागं मेंदू बसलेला असतो. माइकच्या मागं मेंदू नसतो. तिथं मेंदू तुम्ही लावायचा असतो आणि तो लावायची एकच जागा आहे, अंतर.

गायकापासून माइक दुप्पट लांब नेला की थेट येणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो. इंजिनियर लोक त्याला सहा डेसिबल म्हणतात. पण भिंतींवर आपटून खोलीभर फिरणारा जो घुमारा असतो, तो खोलीत जवळपास सगळीकडं सारखाच असतो. म्हणजे तुम्ही जसजसे लांब जाता तसतसा माणूस कमी होतो आणि भिंती वाढतात. एक हद्द अशी येते की तिथं माणूस आणि भिंती समसमान. त्या हद्दीपलीकडं तुम्ही माणसाचं गाणं धरत नसता, खोलीचं धरत असता.

ही हद्द काढता येते. आमच्या विहाराचा हिशोब मागाहून एका जाणत्यानं करून दाखवला. आठ गुणिले पाच गुणिले तीन, म्हणजे १२० घनमीटर. माणसं बसलेली असताना टाळीचा आवाज पुरता विरायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागत असेल, तर ही हद्द पडते ५७ सेंटिमीटरवर. सव्वा हात! समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकणारा माइक असतो, त्याला कार्डिऑइड म्हणतात. त्याच्यासाठी ही हद्द वाढून मीटरभर होते. आम्ही खांबाला बांधलेला माइक आबांपासून चार मीटरवर होता. आता सांगा, त्यात आबा कुठून येणार?

म्हणून पहिला नियम. छोट्या जागेत मुख्य माइक गायकाच्या तोंडापासून एका वितीवर. पार ओठाला चिकटवू नका. कार्डिऑइड माइक फार जवळ गेला की गळ्यातला खर्ज फुगतो, 'प' आणि 'भ' म्हणताना फाटकन हवा आपटते. आणि आपल्या गाण्यात 'भ' शिवाय चालतंय का? माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता जरा बाजूला, हनुवटीच्या पातळीला ठेवून ओठांकडं वळवा, म्हणजे हवा बाजूनं निघून जाते. जुना गायक वरच्या पट्टीत गेला की आपोआप मान मागं घेतो. त्याला "हलू नका" म्हणून दम देऊ नका. त्याचा अंदाज तुमच्या मीटरपेक्षा जुना आहे.

दुसरी गोष्ट भिंतीची. माइक गायकाकडं तोंड करून असतो, म्हणजे गायकाच्या पाठीमागं जे आहे तेही त्याला ऐकू येतं. पाठीमागं कोरी ऑइलपेंटची भिंत असली तर तिच्यावर आपटलेलं सगळं माइकात शिरतं. तिथं गोधड्या टांगा. घरातली जाडीभरडी वाकळ, सतरंजी, काहीही. बरेच जण माइकच्या पाठीमागं पडदा लावतात. गायकाच्या पाठीमागं लावलेल्या गोधडीचा उपयोग त्याहून जास्त होतो. फरशीवर सतरंज्या अंथरा. पार्टीला कोपऱ्यात बसवू नका, कोपऱ्यात ढोलकीचा घुमारा साचतो. माणसं जवळ बसवा. माणसांची अंगं आणि कपडे आवाज पितात. भरलेलं विहार रिकाम्या विहारापेक्षा बरं वाजतं. आपली गर्दी इथंही कामाला येते.

*

तिसरी गोष्ट भोंग्याची. लोकांना ऐकवणं आणि रेकॉर्ड करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण दोन्हींची खिचडी करतो.

भोंगे पार्टीच्या पुढं, लोकांच्या बाजूला ठेवा आणि तोंड लोकांकडं. माइक भोंग्याच्या मागं राहिला पाहिजे. कार्डिऑइड माइक पाठीमागून बहिरा असतो. ती बहिरी पाठ भोंग्याकडं करा. पार्टीला स्वतःचं ऐकायला एखादा छोटा भोंगा लागला तर तो माइकच्या बरोबर पाठीमागं. काही माइक सुपरकार्डिऑइड असतात. ते पाठीमागून थोडं ऐकतात आणि मागच्या तिरक्या बाजूंनी बहिरे असतात. माइक कुठला आहे ते डबीवर छापलेलं असतं. वाचा.

पुष्कळांना वाटतं, साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर घेतली की झालं काम. झालं नाही. छोट्या खोलीत ढोलकी आणि टाळ आधीच मोठ्यानं ऐकू येतात, म्हणून साऊंडवाला त्यांना भोंग्यात देतच नाही. तो नुसता गळा देतो, कारण गळाच कमी पडत असतो. मग त्या वायरीतून तुमच्याकडं येतं नुसतं कोरडं गाणं, ताल नसलेलं. खोलीत समतोल होता, वायरीत नाही. वायर घ्या, पण तिच्या जोडीला आपले माइक लावा.

आणि त्या साऊंडवाल्याशी नीट बोला. आपल्यातले शिकलेले त्याच्याशी हमालासारखं वागतात. तो बहुधा आपलाच पोरगा असतो, दहावी नापास, रात्रभर वायरी गुंडाळणारा. कुठल्या खोलीत कुठं शिट्टी वाजते ते त्याला ठाऊक असतं. त्याला चहा पाजा आणि विचारा. अर्धी विद्या तिथंच मिळेल.

*

आता वाद्यं.

ढोलकी गळ्याच्या छातीवर बसते, म्हणून ती गायकाच्या माइकपासून जितकी लांब सरकवता येईल तितकी सरकवा. तिला माइक द्यायचाच असेल तर तळहाताला लागणार नाही असा, ढोलकीच्या पोटासमोर दीड वितीवर, थोडा वरून. म्हणजे उजव्या पुडीचा कडक बोल आणि डाव्या पुडीचा घुमारा दोन्ही येतात. खूपदा तिला माइकच लागत नाही, गायकाच्या माइकात ती न बोलावता येते.

पेटीचा माइक सुरांच्या बाजूनं, वरून, दीड वितीवर. भात्याच्या बाजूनं लावलात तर सुरांपेक्षा फुसफुस जास्त येईल.

तुणतुणं गरीब. त्याचा आवाज सगळ्यांत बारीक. पण गाण्याचा कणा तेच आहे, सूर तेच धरून ठेवतं. त्याला एका वितीवर स्वतंत्र माइक द्या, नाहीतर तुणतुणेवाला दोन तास बोट झिजवील आणि रेकॉर्डिंगमध्ये सापडणार नाही. हलगी असली तर उलटं. तिला माइक नको, तिला अंतर द्या.

माइक जास्त झाले की नवी भानगड. एकच आवाज दोन माइकांत वेगवेगळ्या वेळी पोचतो. एक मीटर जायला आवाजाला साधारण तीन हजारांश सेकंद लागतात. हा उशीर कानाला वेगळा कळत नाही, पण दोन्ही माइक एकत्र केले की आवाजातले काही सूर एकमेकांना खातात आणि गळा डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. यावर जुना उपाय आहे, एकास तीन. गायकाचा माइक त्याच्यापासून वीस सेंटिमीटरवर असेल तर शेजारचा माइक त्या माइकपासून निदान साठ सेंटिमीटर लांब हवा. सहा माइक कसेही लावण्यापेक्षा तीन माइक विचारानं लावलेले बरे.

*

आणि आता कोरस. इथंच आमची खरी चामडी सोलली पाहिजे.

बाया मागं का बसल्या होत्या? माइक नव्हता म्हणून? छट्. त्या नेहमीच मागं बसतात. पुढं बुवा, बाजूला वाजवणारे बाप्ये, मागं बाया. गाण्याचं ध्रुपद उचलायचं त्यांनी. बुवांचा दम संपला की गाणं खांद्यावर घ्यायचं त्यांनी. कार्यक्रम संपल्यावर चहाचे कप विसळायचे ते पण त्यांनीच. आणि माइक लावायची वेळ आली की आम्ही, समतेच्या गप्पा मारणारे, ढोलकीवाल्या दोस्ताला माइक देतो आणि चार बायांना खोलीच्या घुमाऱ्यावर सोडून देतो. त्या मावशीनं विचारलेला सवाल तांत्रिक नव्हता, दोस्तांनो. तो आमच्या चळवळीला विचारलेला सवाल होता. ज्या हिशोबानं आपल्याला गावाबाहेर ठेवलं, त्याच हिशोबानं आपण त्यांना माइकबाहेर ठेवलं.

तांत्रिक उत्तर सोपं आहे. चार बायांना अर्धगोलात बसवा, प्रत्येकीचं तोंड माइकपासून सारख्या अंतरावर येईल असं, साठ-सत्तर सेंटिमीटरवर. एक माइक चौघींना पुरतो. ज्या बाईचा गळा बारीक, तिला थोडं पुढं घ्या. त्या माइकची बहिरी पाठ ढोलकीकडं येईल असं बघा. रेकॉर्डरवर त्याची वेगळी पट्टी ठेवा, म्हणजे मागाहून कुणी शहाणा त्यांना खाली दाबू लागला तर आवाज हाताशी असेल. आणि एखाद दिवशी बायांना पुढं बसवून बघा. विहाराचा स्लॅब कोसळत नाही.

*

श्रोत्यांना रेकॉर्डिंगमधून हाकलून द्यायचं का? काही जण तसं करतात. "आवाज नको, आवाज नको" करत हिंडतात. त्यांना स्टुडिओ पाहिजे असतो.

न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अव्हेन्यूवर एक तळघर आहे, व्हिलेज व्हॅनगार्ड. १९३५ साली निघालं. आपल्या एखाद्या विहाराएवढी दाटी, शे-सव्वाशे माणसं. २५ जून १९६१ ला तिथं बिल इव्हान्सचं त्रिकूट वाजवत होतं आणि रेकॉर्डिंग सुरू होतं. ऐका, त्यात ग्लासांची किणकिण आहे, माणसांची कुजबुज आहे. तो कचरा वाटत नाही. तुम्ही त्या खोलीत जाऊन बसता. त्यातला बास वाजवणारा स्कॉट लाफारो पंचवीस वर्षांचा होता. अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेला. ते त्रिकूट पुन्हा कधी वाजणार नव्हतं आणि ते त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या आबांबद्दल तरी आम्हाला कुठं ठाऊक होतं? फरक एवढाच की तिथं माइक जागेवर होते.

त्याच तळघरात, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, जॉन कोल्ट्रेन वाजवत होता. काळा माणूस, हातात सॅक्सोफोन, वाजवता वाजवता सगळ्या स्टेजभर फिरणारा. रेकॉर्डिंगला होता रूडी व्हॅन गेल्डर. कोल्ट्रेनच्या मागं धावता धावता त्याची दमछाक झाली आणि त्यातल्या एका लांबलचक तुकड्याला त्यानंच नाव सुचवलं, 'चेझिन द ट्रेन'. म्हणजे ट्रेनच्या मागं धावणं. नीट समजून घ्या. त्या इंजिनियरनं कोल्ट्रेनला खिळा ठोकून उभा केला नाही. कलावंत माइकसाठी नसतो, माइक कलावंतासाठी असतो. आपले शाहीर डफ हातात घेऊन चार पावलं पुढं येतात, चार मागं जातात. त्यांना खुर्चीवर बसवून गायला लावलंत तर शाहिरी मेली. दुसरा माइक लावा, नाहीतर तुम्ही धावा.

लोकांसाठी एक जोड ठेवा. दोन सारखे कार्डिऑइड माइक, त्यांच्या तोंडांत १७ सेंटिमीटर अंतर आणि दोघांमध्ये ११० अंशांचा कोन. फ्रेंच रेडिओवाल्यांनी ही पद्धत बसवली, तिला ओआरटीएफ म्हणतात. तेवढं जमत नसेल तर हातात मावणारा रेकॉर्डर मिळतो, त्याला वर दोन माइक जोडलेलेच असतात. तो पार्टीपासून मीटर-दीड मीटरवर, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर, जरा खाली झुकवून ठेवा. गाणं गळ्याच्या माइकातून येईल, खोली यातून येईल. लोकांनी मधेच दिलेला जयभीम, दाद, पन्नाशीतल्या कुणाचा दाटलेला हुंदका, सगळं यातून येईल. आपलं गाणं एकट्यानं गायलेलं नसतंच. लोक कापून टाकलेत तर अर्धं गाणं कापलंत.

*

बारीकसारीक, पण विसरलात तर रडाल.

रेकॉर्डर किंवा स्टँड गायक बसलेल्या टेबलावर, फळ्यांच्या स्टेजवर ठेवू नका. पायाचा ठेका थेट चढतो. ठेवावाच लागला तर खाली चौघडी केलेला टॉवेल. एप्रिलात पंखे बंद करा म्हणणं माणुसकी नाही. माइकच्या डोक्यावरचा एक बंद करा, बाकी चालू द्या, माइकला स्पंज चढवा. आवाजाची पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठी ललकारी उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. तालमीत गायक हळू गातो, लोक समोर आले की सव्वापट चढतो. तेवढी जागा राखून ठेवा. काटा लाल झाला की आवाज फाटला, फाटलेला शिवता येत नाही. रेकॉर्डरला २४ बिट असेल तर तेच लावा, पातळी खाली ठेवली तरी बिघडत नाही. मोबाइलवरच घ्यायचं असेल तर लक्षात ठेवा, बहुतेक मोबाइल आवाज आपोआप खालीवर करतात, ढोलकीची थाप पडली की गळा दाबतात. ते बंद करता येईल असं अ‍ॅप टाका, मोबाइल विमानाच्या मोडवर टाका आणि जवळ जा. लांबून झूम होतं ते चित्र. आवाज होत नाही.

पार्टी येण्याआधी तासभर आधी जा. एक कान बोटानं बंद करा आणि दुसऱ्या कानानं खोलीभर ऐकत फिरा. टाळी वाजवा. बहिरा माइक काय ऐकेल त्याचा अंदाज तिथंच येतो. एक गाणं घ्या, थांबवा, हेडफोनवर ऐका, माइक चार बोटं सरकवा, परत ऐका. आम्ही हे केलं असतं तर पाच मिनिटांत चूक कळली असती. आम्हाला सेल्फी काढायची घाई होती.

*

शेवटचं. माइक लावणाऱ्याच्या हातात सत्ता येते. ती आपल्याही हातात आली तरी सत्ताच.

१९३३ साली अमेरिकेत लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात जॉन लोमॅक्स रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन गेला. तिथं हडी लेडबेटर नावाचा काळा कैदी गात होता. जग त्याला लेडबेली म्हणून ओळखतं. लोमॅक्स नसता तर तो गळा कदाचित तुरुंगातच विरला असता. हे खरं. आणि पुढं त्या गाण्यांच्या हक्कात लोमॅक्सचंही नाव लागलं, हेही खरं. यंत्र ज्याचं, गाणं त्याचं, हा धंदा जुना आहे. आज आपलीच पोरं म्हाताऱ्या शाहिराचं गाणं घेतात, स्वतःच्या चॅनेलवर टाकतात, वर स्वतःचा फोटो आणि खाली स्वतःचं नाव. शाहिराच्या घरी गॅस संपलेला असतो.

म्हणून आमचं म्हणणं असं. प्रत्येक वस्तीत तिघांनी हे काम शिकावं, त्यात निदान एक मुलगी असावी आणि माइक कुठं ठेवायचा यात तिचा शब्द चालावा. रेकॉर्डिंगआधी गायकाला विचारावं, कुठं वापरणार ते सांगावं. गाणं सुरू होण्याआधी रेकॉर्डरवरच सगळ्यांची नावं स्वतःच्या तोंडून घ्यावीत. गाणाऱ्याचं, रचणाऱ्याचं, ढोलकीवाल्याचं, तुणतुणेवाल्याचं आणि कोरसमधल्या प्रत्येकीचं. "आणि इतर" हा शब्द आपल्या कामात नको, आपण पिढ्यान्‌पिढ्या "आणि इतर" होतो. दोन प्रती दोन घरांत ठेवाव्यात. एक प्रत पहिल्यांदा गायकाच्या घरी जावी. पैसा आला तर तोही तिकडंच.

काही मित्र म्हणतील, क्रांती करायची सोडून विती आणि बोटं कसली मोजताय? त्यांना आमचं एकच सांगणं. आबांचं रेकॉर्डिंग आमच्याकडं आहे. या, ऐका. शब्द लागतोय का सांगा. आमच्याकडं क्रांतीच्या गप्पा भरपूर होत्या त्या रात्री. फक्त माइक सव्वा हातावर नव्हता.

या एप्रिलात आम्ही परत त्याच विहारात जाणार आहोत. त्या चारही मावश्या येणार आहेत. आबांची जी गाणी त्यांना पाठ आहेत, ती त्या गाणार आहेत. यावेळी त्या पुढं बसतील. माइक कुठं ठेवायचा ते आधी त्यांना विचारू.

तुमच्या वस्तीत कोण म्हातारं गातंय? अंक खाली ठेवा आणि जा.

जयभीम.